पळणं मोजता येतं, बॅटिंग कशी मोजणार? ड्राफ्टच्या आधीची पोरं बघताना

पुण्याच्या मित्रांना मेजर लीग बेसबॉलचा ड्राफ्ट (टीम्स पाळीपाळीने नवी पोरं निवडतात तो) समजावताना मी सुरुवात आयपीएल ऑक्शनपासून करतो आणि दोन वाक्यांत गाडी अडकते. कारण ऑक्शनला जो प्लेअर येतो त्याला आपण कुठेतरी बघितलेलं असतं, रणजी नाहीतर अंडर-नाइनटीन, आणि घेतला की त्याच सीझनला टीमबरोबर असतो. इथे टीम्स ज्यांना घेतात ती सतरा-अठरा ते एकवीस-बावीसची पोरं, शाळेतली किंवा कॉलेजातली, आणि त्यातली बहुतेक मेजर लीगमध्ये कधी पोचतच नाहीत. जी पोचतात त्यांनाही आधी मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या दर्जाच्या लीगमध्ये, दोन-तीन-चार वर्षं बसचे धक्के खात काढावी लागतात. म्हणजे पैसे मोजायचे आज, आणि ते कशावर, तर हा पोरगा पंचविसाव्या वर्षी कसा खेळेल या अंदाजावर.

थोडक्यात सिस्टिम अशी: ३० टीम्स, २० राउंड, सहाशेच्या वर पोरं. २०१९ पर्यंत ४० राउंड असायचे, कोविडच्या वर्षी फक्त ५ झाले आणि २०२१ पासून २० वर थांबलंय. आधीच्या सीझनला जी टीम वाईट खेळली तिला आधी चान्स, पण मुद्दाम हरण्याचे प्रकार व्हायला लागले म्हणून २०२३ पासून वरच्या नंबरांसाठी लॉटरी आहे. अमेरिका, कॅनडा आणि पोर्टो रिको इथली पोरंच यात येतात. डॉमिनिकन, व्हेनेझुएला वगैरेची पोरं सोळाव्या वर्षीच थेट सही करतात, तो वेगळाच बाजार. आपले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल २००८ मध्ये पिट्सबर्गकडे गेले ते पण असेच थेट, ड्राफ्टमधून नाही (केकेआरवाला रिंकू नाही हो, हा वेगळा, भालाफेकवाला).

आता मूळ मुद्दा, पोरगं जोखतात कसं. स्काउट लोकांची एक पट्टी आहे, २० ते ८०. ५० म्हणजे मेजर लीगचा सरासरी खेळाडू, ६० चांगला, ७० जबरदस्त, ८० म्हणजे पिढीत एखादा. ही पट्टी ब्रँच रिकीच्या नावावर सांगतात. बॅटरचे पाच टूल्स बघायचे: बॅटला बॉल लागतो का ते हिट, किती लांब जातो ते पॉवर, मग पळणं, फील्डिंग आणि थ्रो. प्रत्येकाला दोन आकडे द्यायचे, एक आजचा आणि एक पुढचा. शाळेतल्या पोराच्या रिपोर्टवर हिट ३०/५५ असं काहीतरी लिहिलेलं असतं, आणि त्या ३० पासून ५५ पर्यंतचा जो प्रवास आहे ना, सगळा जुगार त्यातच आहे.

गंमत अशी की या पाचातले चार बऱ्यापैकी मोजता येतात. पळणं बघायचंय? बॉल बॅटला लागला की स्टॉपवॉच सुरू, पहिल्या बेसवर पाय पडला की बंद. उजव्या हाताने खेळणारा ४.३ सेकंदात पोचला तर ५०, ४.० मध्ये पोचला तर ८०. डावखुऱ्याला साधारण दशांश सेकंद कमी धरायचा कारण तो पहिल्या बेसच्या बाजूलाच उभा असतो. कॅचरचा थ्रो दुसऱ्या बेसवर पोचायला बॉल ग्लव्हमध्ये आल्यापासून दोन सेकंद लागले तर सरासरी. पॉवरसाठी तर आता प्रत्येक मोठ्या कॉलेजच्या मैदानावर ट्रॅकमॅन नावाचं रडार लावलेलं आहे, बॉल बॅटवरून किती वेगाने सुटला, कुठल्या कोनात गेला, सगळं पडद्यावर. पिचरचं पण तसंच. वेग, स्पिन, बॉल किती वळला, हात कुठून सुटला, सगळे आकडे तयार.

राहिलं हिट, आणि नेमकं तेच बाकी सगळ्यावर बसलेलं आहे. बॉलच लागला नाही तर पॉवर काय लोणच्याला घालायची?

ताशी ९५ मैलांनी टाकलेला बॉल बॅटरपर्यंत यायला साधारण ०.४ सेकंद लागतात. तेवढ्यात ओळखायचं की फास्टबॉल आहे का बाजूला वळणारा स्लायडर आहे, मारायचा का सोडायचा, आणि बॅट फिरवायला लागणारा वेळ पण त्यातच धरायचा. मेजर लीगमध्ये आज फास्टबॉलची सरासरीच ९४ च्या आसपास आहे. आणि आपण जो पोरगा बघतोय तो शाळेच्या मॅचमध्ये ताशी ८० मैलांच्या पिचरला झोडतोय, ते पण अॅल्युमिनियमच्या बॅटने! चारशेची अॅव्हरेज (.४००, म्हणजे हजारात चारशे वेळा बॉल मारून बेस गाठला, तो झाला हिट) असेल त्याची, असू दे, त्या आकड्याला कोण विचारतो. म्हणून तर शाळेचा सीझन सोडून स्काउट लोक उन्हाळ्यातल्या शोकेसला जास्त किंमत देतात, तिथे चांगला पिचर चांगल्या बॅटरसमोर येतो. ऑक्टोबरमध्ये फ्लोरिडात ज्युपिटरला लाकडी बॅटची मोठी टूर्नामेंट असते, एकाच वेळी कितीतरी मैदानांवर मॅचेस आणि स्काउट मंडळी गोल्फ कार्ट घेऊन या मैदानावरून त्या मैदानावर. एखाद्या पोराने ९७ टाकला अशी बातमी आली की सगळ्या कार्टचा मोर्चा तिकडे वळतो.

मी बॉस्टनच्या बाजूला राहतो त्यामुळे माझ्या वाट्याला आलेली चैन म्हणजे केप कॉड लीग. कॉलेजची चांगली चांगली पोरं जून ते ऑगस्ट तिथे येऊन खेळतात, स्थानिक लोकांच्या घरात राहतात, आणि लाकडी बॅट वापरतात, १९८५ पासून. हा लाकडी बॅटचा मुद्दा फार मोठा आहे. अॅल्युमिनियमच्या बॅटला बॉल दांड्याजवळ लागला तरी इन्फिल्डच्या वरून टपकतो, लाकडी बॅटला तोच बॉल लागला तर बॅट तुटते आणि सोपा कॅच जातो. कॉलेजात ३५० मारणारा पोरगा केपला येऊन २२० वर घसरला की पुढच्या वर्षीच्या ड्राफ्ट लिस्टमध्ये त्याचं नाव हळूच खाली सरकतं. एंट्री फुकट, मैदानं शाळांची, तुम्ही तुमची घडीची खुर्ची घेऊन जायचं. होम प्लेटच्या मागे पोलो शर्ट आणि टोपीवाले जे गप्प बसलेत आणि बॉल पडला की टाळ्या न वाजवता वहीत काहीतरी लिहितात ते स्काउट. शक्यतो त्यांच्या जवळपास बसा पण बोलायला जाऊ नका, कामात असतात. चॅटमला गेलात तर एक जॅकेट ठेवा, तिथे समुद्रावरून धुकं आलं की आउटफिल्डर दिसेनासा होतो आणि मॅच तिथेच थांबते.

तिथे बसून बसून माझी बघायची पद्धत बदलली. मॅचच्या आधीची बॅटिंग प्रॅक्टिस मी आता चहा पीत बघतो, कारण तिथे सगळेच राजे. हळू आलेला सरळ बॉल कुंपणाबाहेर मारणं हे या लेव्हलच्या पोरांना काहीच नाही. मी बघतो ते सोडलेले बॉल. दोन स्ट्राइक झाल्यात (तिसऱ्याला आउट), पिचरने बाहेर जाणारा स्लायडर टाकलाय, तेव्हा पोराचा पुढचा पाय, खांदे, हात काय करतात? काही पोरं अर्धी बॅट फिरवून अडकतात, काही अंदाजाने फेकतात, आणि एखादा असा असतो की बॉल हातातून सुटला तेव्हाच त्याला कळलेलं असतं, तो नुसता बघतो आणि उभा राहतो, जणू कोणी भलत्याच माणसाला हाक मारली. बॉक्स स्कोअरमध्ये त्या सोडलेल्या बॉलची वेगळी नोंद नसते. पण टीम्सच्या ऑफिसात आता हेच मोजतात, स्ट्राइक झोनच्या (ज्या चौकोनातून गेलेला बॉल स्ट्राइक धरतात त्याच्या) बाहेरच्या किती बॉलच्या मागे लागला आणि आतल्या किती बॉलना बॅट लागली, आणि माझ्या मते गेल्या दहा-पंधरा वर्षांत ड्राफ्टमध्ये झालेला सगळ्यात कामाचा बदल हाच आहे. २०२४ ला क्लीव्हलंडने पहिल्या नंबरवर ट्रॅव्हिस बझाना घेतला, सिडनीचा पोरगा, ऑरेगन स्टेटला शिकला, केपला फॅल्मथकडून खेळला. सेकंड बेसमन! याआधी त्या पोझिशनचा कोणी पहिल्या नंबरवर गेलेला नव्हता कारण जुन्या स्काउटच्या डोळ्याला सेकंड बेसमन म्हणजे शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधली अवघड फील्डिंगची जागा) हात कमी पडला म्हणून सरकवलेला. पण तो वाईट बॉलच्या मागे लागत नाही, आणि बॅट फिरवतो तेव्हा जोरात मारतो, बस झालं.

उलट बाजूचं उदाहरण म्हणजे बिली बीन. १९८० ला न्यूयॉर्क मेट्सने त्याला पहिल्याच राउंडमध्ये २३ व्या नंबरवर घेतला तेव्हा उंची, बांधा, पळणं, हात सगळं होतं, बघितल्यावर कोणीही म्हणेल हा स्टार. मेजर लीगमध्ये अॅव्हरेज .२१९ आणि होमरन तीन. मग हाच माणूस ओकलंडचा जनरल मॅनेजर झाला आणि दिसण्यावर न जाता कॉलेजच्या आकड्यांवर पोरं घ्यायला लागला, आता यात स्वतःचा अनुभव किती होता ते तुम्हीच ठरवा. २००२ ला त्यांनी जेरेमी ब्राउन नावाचा अलाबामाचा जाडसर कॅचर इतक्या वर घेतला की बाकीचे हसले. तो मेजर लीगमध्ये जेमतेम दहा वेळा बॅटिंगला आला, पण त्याच ड्राफ्टमधला त्यांचा निक स्विशर भरपूर वर्षं खेळला. त्यामुळे आकडेवाले जिंकले का डोळेवाले जिंकले या भांडणात मी पडत नाही, आता सगळ्याच टीम्स दोन्ही करतात.

वय हा अजून एक मुद्दा, लोक याकडे फार दुर्लक्ष करतात. शाळेच्या एकाच वर्गात एक पोरगा सतरा वर्षं आठ महिन्यांचा असतो आणि दुसरा एकोणीसला टेकलेला. दोघं सारखंच खेळत असतील तर लहान जास्त भारी, कळतं ना, पण रिपोर्टमध्ये दोघं एकाच ओळीत बसायचे. रॅनी जझायर्ली म्हणून एक आहे, पेशाने डॉक्टर, त्याने २०११ मध्ये जुन्या ड्राफ्टचा हिशोब मांडून दाखवला की शाळेतून घेतलेल्या बॅटर्समध्ये वयाने लहान असलेले मोठ्यांपेक्षा बरंच जास्त देऊन जातात. ग्रिफी ज्युनियर, ब्राइस हार्पर, माइक ट्राउट, सगळे ड्राफ्टच्या दिवशी सतराचे होते. २०२५ ला वॉशिंग्टनने पहिल्या नंबरवर घेतलेला इलाय विलिट्स पण सतराचाच. आणि आपल्यासाठी खास म्हणजे अर्जुन निम्मला, २०२३ ला टोरंटोने २० व्या नंबरवर घेतलेला फ्लोरिडाचा शॉर्टस्टॉप, आईवडील भारतातून आलेले, लहानपणी क्रिकेट खेळलेला, ऑक्टोबर २००५ चा जन्म म्हणजे ड्राफ्टला तो पण सतरा. त्या रात्री इथल्या आमच्या देसी व्हॉट्सअॅप ग्रुपवर ज्यांना शॉर्टस्टॉप म्हणजे काय माहीत नाही त्यांनी पण पेढे फॉरवर्ड केले.

ट्राउटचं नाव निघालंच आहे तर तो किस्सा राहून कसा चालेल. २००९ चा ड्राफ्ट, पहिला नंबर स्टीफन स्ट्रासबर्ग, त्यात कोणाला शंकाच नव्हती. ट्राउट न्यू जर्सीच्या मिलव्हिल गावचा. आता न्यू जर्सीत एप्रिलपर्यंत थंडी, मॅचेस कमी, समोरचे पिचर साधारण, म्हणून कॅलिफोर्निया-फ्लोरिडा-टेक्सासच्या पोरांच्या तुलनेत तिकडच्या पोरावर कोणाचा पटकन विश्वास बसत नाही. एंजल्सचा त्या भागातला स्काउट ग्रेग मोरहार्ट हा मायनर लीगमध्ये ट्राउटच्या वडिलांबरोबर खेळलेला, त्याला घराणं माहीत, पोराचा वेग आणि ताकद माहीत, आणि त्याने वर जाऊन हट्ट धरला. एंजल्सकडे २४ आणि २५ असे लागोपाठ दोन नंबर होते. २४ वर त्यांनी रँडल ग्रिचक घेतला आणि २५ वर ट्राउट. म्हणजे त्यांनी स्वतः पण आधी दुसऱ्याचं नाव पुकारलं! पुढे ट्राउटला तीनदा एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू, हा किताब मिळाला. आणि ज्याच्या हाताखाली हा ड्राफ्ट झाला तो स्काउटिंग डायरेक्टर एडी बेन, त्याला २०१० चा सीझन संपल्यावर काढून टाकलं, ट्राउट मेजर लीगमध्ये यायच्या आधीच. नोकरी म्हणून हे किती भयानक काम आहे बघा, तुमचा रिझल्ट लागायला चार-पाच वर्षं आणि तुमचा बॉस दर वर्षी हिशोब मागणार.

मोरहार्टसारख्या एरिया स्काउटच्या कामाचा एक भाग मला फार आवडतो, ज्याला हे लोक मेकअप म्हणतात. पोराचा स्वभाव. ड्राफ्टच्या आधीच्या हिवाळ्यात स्काउट घरी येऊन बसतो, आईवडिलांशी गप्पा, पोरगा खाली मान घालून उत्तरं देतोय, आई खायला आणून ठेवतेय, अगदी कांदेपोह्यांचा कार्यक्रम असतो तो, आणि तसाच दोन्हीकडून थोडं थोडं लपवत चालतो. मुलगा कॉलेजला जाणार का सही करणार? किती पैशाला सही करणार? शाळेच्या कोचला, गणिताच्या सरांना, विरुद्ध टीमच्या कोचला पण वेगळं विचारून घेतात. शून्यावर आउट झाल्यावर डगआउटमध्ये हेल्मेट आपटतो का, मित्राने होमरन मारल्यावर उठून उभा राहतो का, हे पण बघतात. आता यावरून पंचविसाव्या वर्षीचं काय कळतं? थोडं कळत असावं. सतराव्या वर्षी हेल्मेट आपटणारे पुढे शांत झालेले भरपूर आहेत, त्यामुळे मी याला फार वजन देणार नाही, पण मायनर लीगमध्ये पहिल्यांदा सलग महिनाभर हरल्यावर घरी फोन करून रडणारा आणि रडून परत प्रॅक्टिसला जाणारा यात फरक आहे आणि तो मशीनवर येत नाही.

पैशाचा भाग पटकन सांगतो कारण त्याशिवाय पहिल्या नंबरवर सगळ्यात चांगलाच पोरगा का जात नाही ते कळत नाही. पहिल्या १० राउंडमधल्या प्रत्येक नंबरला लीगने ठरवलेली किंमत असते, तिची बेरीज म्हणजे टीमचं बजेट. एका पोराला कमीत पटवलं की उरलेले पैसे खालच्या राउंडमध्ये हट्टी पोरावर लावता येतात. विलिट्सच्या नंबरची किंमत होती ११ मिलियन डॉलरच्या वर, त्याने सही केली ८.२ ला. तो चांगला आहेच, पण स्वस्तात चांगला पण आहे. म्हणून मॉक ड्राफ्ट (कोण कुठे जाईल याचे आधीचे अंदाज) वाचताना कोण भारी एवढंच बघून चालत नाही, कोण किती मागतोय ते पण बघावं लागतं, आणि खरा आकडा शेवटच्या क्षणापर्यंत एजंट सोडून कोणाला माहीत नसतो.

आणि मग डॉक्टर. २०१४ ला ह्यूस्टनने पहिल्या नंबरवर ब्रेडी एकिन घेतला, शाळेतला डावखुरा पिचर, साडेसहा मिलियनवर बोलणी झाली, मग त्यांच्या डॉक्टरांना कोपराच्या लिगामेंटबद्दल शंका आली, ऑफर खाली आणली, भांडणं झाली आणि सही झालीच नाही. बजेटच्या त्याच भानगडीत जेकब निक्स नावाच्या दुसऱ्या पोराचं ठरलेलं कॉन्ट्रॅक्ट पण फिसकटलं, त्या बिचाऱ्याचा काय संबंध! पुढच्या वर्षी एकिनचं कोपराचं ऑपरेशन झालं, मेजर लीगमध्ये तो आलाच नाही. ह्यूस्टनला भरपाई म्हणून २०१५ चा दुसरा नंबर मिळाला त्यावर त्यांनी अॅलेक्स ब्रेगमन घेतला आणि दोन वर्ल्ड सिरीज जिंकल्या. इतकं नशीब असावं माणसाचं.

दुसरी केस कुमार रॉकर. आईकडून भारतीय, कुमार हे आईचं माहेरचं आडनाव, वडील ट्रेसी रॉकर एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉल, खेळलेले. व्हँडरबिल्टला पहिल्याच वर्षी, २०१९ ला, ड्यूकविरुद्ध १९ स्ट्राइकआउट घेऊन नो-हिटर (समोरच्यांना एकही हिट नाही) टाकला. २०२१ ला मेट्सने १० व्या नंबरवर घेतला, सहा मिलियन ठरले, आणि एमआरआय बघून माघार. त्याने ड्राफ्टच्या आधीच्या एमआरआय प्रोग्रॅममध्ये भाग घेतलेला नव्हता. मग खांद्याचं छोटं ऑपरेशन, एक सीझन छोट्या इंडिपेंडंट लीगमध्ये, आणि २०२२ ला टेक्सासने चक्क तिसऱ्या नंबरवर घेतला. नंतर टॉमी जॉन सर्जरी, म्हणजे कोपराच्या लिगामेंटचं ऑपरेशन, पण झाली, तरी सप्टेंबर २०२४ ला पदार्पण झालं. मेट्स बरोबर होते का टेक्सास? अजून तरी दोघांचंही थोडं थोडं बरोबर दिसतंय. या प्रकरणानंतर नियम आला की आधी मेडिकल देणाऱ्या पोराला नंबरच्या किमतीच्या निदान ७५ टक्के मिळालेच पाहिजेत. हे पोरांच्या बाजूने झालं, चांगलं झालं.

माझ्या हातात पहिला नंबर दिला तर (कोणी देत नाहीये) मी कॉलेजचा बॅटर घेईन, जो केपला लाकडी बॅटने टिकलाय आणि वाईट बॉल सोडतो. त्यानंतर शाळेतला शॉर्टस्टॉप, सतराचा असेल तर आधी. मग कॉलेजचा पिचर, पण पॉल स्कीन्ससारखा (२०२३ ला पहिल्या नंबरवर गेलेला कॉलेजचा पिचर) असेल तर ही सगळी लिस्ट फाडून टाकायची. आणि शाळेतला पिचर सगळ्यात शेवटी. आत्तापर्यंत पहिल्या नंबरवर शाळेतले पिचर गेलेत फक्त तीन, तिन्ही डावखुरे: १९७३ ला डेव्हिड क्लाइड, त्याला शाळा संपल्यावर काही आठवड्यांतच मेजर लीगमध्ये उतरवला आणि तिकीटं खपवली, कारकीर्द १८ विजय ३३ पराभव, १९९१ ला ब्रायन टेलर, भांडणात खांदा गेला, मेजर लीग नाही, आणि हा एकिन. शाळेतला उजव्या हाताचा पिचर तर १९६५ पासून २०२५ पर्यंत एकदाही पहिल्या नंबरवर गेलेला नाही. दुसऱ्या नंबरपर्यंत काही जण पोचले, त्यातला एक हंटर ग्रीन, २०१७ ला सिनसिनाटीकडे, शाळेत असतानाच १०० च्या वर टाकायचा, त्याचं पण कोपराचं ऑपरेशन झालं, आणि तरी २०२४ ला ऑल-स्टार झाला. त्यामुळे पुढे कधीतरी एखादी टीम हा नियम मोडणार हे नक्की, आणि त्या रात्री मी टीव्हीसमोर बसून शिव्या घालत असणार हे पण नक्की. केपला येणार असाल तर कमेंटमध्ये कळवा, खुर्ची तुमची तुम्ही आणा.